नव्या कढया

आमच्या रुग्णालयात दरवर्षी मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून विद्यार्थी संशोधनाला येतात. उत्तर घरूनच घेऊन येतात, इथं फक्त प्रश्न शोधायचा असतो. मी त्यांची मार्गदर्शक. म्हणजे उन्हात टोपी घाला म्हणते, अभ्यासाआधी निष्कर्ष लिहू नका म्हणून ओरडते आणि शेवटी सही करते. यातली फक्त सही त्यांच्या उपयोगी पडते.

गेल्या खेपेला एक मुलगी आली. हुशार, कष्टाळू, आणि हट्टी. अभ्यास नीट जमला तर तिला दिल्लीच्या परिषदेत बोलायला मिळणार होतं. वडिलांनी ते सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकलं होतं.

खालापूरच्या डोंगराखालच्या एका वाडीत बायकांच्या अंगात रक्त कमी. लोखंडी कढईत रांधल्यानं ते वाढतं का, हे तिला पाहायचं होतं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या घरांना नव्या कढया द्यायच्या. उरलेल्यांनी अॅल्युमिनियमच्या पातेल्यातच रांधायचं, त्यांना कढया अभ्यास संपल्यावर. ज्यांचं रक्त फारच कमी होतं त्यांना आम्ही गोळ्या सुरू केल्या आणि अभ्यासातून वगळलं.

"दोन वेगळ्या वाड्या घे," मी सुचवलं होतं. पण कॉलेजातले आकडेवारीचे सर तिला म्हणाले, घरं वेगळी असली की पुरे. घरं वेगळी असतात हे त्यांनी कुठं पाहिलं कोण जाणे, बहुधा स्वतःच्या सोसायटीत.

नेरळहून टेंपोनं कढया आल्या. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ती वाडीवर जात राहिली. कढईवाल्या घरी विचारायची, "कढईत रांधता ना?"

"रांधतो की."

आणि ते खरंच होतं. बाकीच्या घरी हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी रक्त तपासलं. कढईवाल्या बायकांचं वाढलं होतं. बाकीच्यांचंही तेवढंच वाढलं होतं. दोन गटांत फरक नाही, म्हणजे कढईचा गुण सिद्ध होत नाही. ती माझ्यासमोर बसून रडली. बायकांचं रक्त वाढलं म्हणून रडणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच बघतेय, असं मी म्हणाले. ती आणखी रडली. माझी जीभ अशीच आहे.

मग तिला गाडीत घातलं आणि वाडीवर गेलो. पहिल्याच घरी, जिथं चिठ्ठीत कढई निघाली होती, तिथं कढई नव्हती.

"मावशी, तुमची कढई कुठंय?"

"वरच्या घरला हाय. त्यांच्याकडं पावणं आलंत."

वरचं घर पातेल्याच्या गटातलं. मावशीला घेऊन तिथं गेलो. चुलीवर आमची कढई, तिच्यात अंबाडीची भाजी रटरटत होती, आणि घरची बाई ती ढवळत होती.

"अहो, पण यांना द्यायची नव्हती ना!" मुलगी म्हणाली.

"दारासमोर दार हाय गं. नवी वस्तू एकटीनं कशी वापरायची?" मावशीच उलट गोंधळली.

म्हणजे पावसाळाभर कढया वाडीभर फिरत होत्या. मला हसू आवरेना. आमच्या शास्त्रात याला गट दूषित होणं म्हणतात.

मुलगी चुलीपाशीच बसली आणि तिनं दोघींना सरळ सांगून टाकलं. तुम्ही वाटून वापरलीत, आता फरक दिसत नाही, माझं काम फुकट गेलं, दिल्लीला जाता येणार नाही. मग त्यांच्या बोलीत मावशी वरच्या घरच्या बाईशी काहीतरी बोलली. दोघींचं पटलं.

"असं कर पोरी," मावशी म्हणाली, "ही आता कढईत नाय रांधायची. हिचं रगत उतरलं का मंग ये, परत मोज. आमच्यापायी तुझं काम नको बिघडाया."

वरच्या घरच्या बाईनं पदरानं कढईचे कान धरले आणि ती चुलीवरून उतरवली.

माझं हसू गेलं. मला लाज वाटली, आणि कुणाची ते अजूनही नीट सांगता येत नाही.

"नको, नको!" मुलगी ओरडली आणि तापलेली कढई नुसत्या हातांनी उचलून परत चुलीवर ठेवली.

परतताना चौक गाव आलं तरी तिनं दिल्लीचं नाव काढलं नाही. मी गाडी कडेला घेऊन तिच्या बोटांना मलम लावलं.

"फार भाजलं का गं?"

"मॅडम," ती म्हणाली, "ती खरंच उतरवत होती."