चर्चच्या भेगेवरची काच

आता काय सांगू तुम्हाला, बावीस वर्षं झाली, जुन्या इमारती तपासतोय, पण एका काचेच्या तुकड्यानं माझी अशी फजिती केली की विचारू नका!

कॅम्पातलं एक जुनं दगडी चर्च. भूकंप झालाच तर भिंती टिकतील का, हे मी सांगायचं होतं. एका भिंतीला उभी भेग. आमची जुनी पद्धत अशी की भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवायची. भिंत हलली, की काच तडकते. सोमवारी पट्टी लावली आणि गुरुवारी बघतो तर काय, दोन तुकडे!

तीन दिवसांत भिंत सरकली? मी धावतच सुटलो. फादरना म्हटलं, "चर्च आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"अहो, रविवारी मार्थाचं लग्न आहे. तिच्या आईबाबांचंही इथंच लागलं होतं."

"जिवापेक्षा लग्न मोठं आहे का?" मी ठणकावलं.

झालं! दाराला कुलूप, केटररला फोन, मार्था रडून रडून लाल. आणि मी? भूकंपाच्या नोंदी धुंडाळतोय!

चर्चची देखभाल करणारे शिरसाटकाका शांतपणे खिडकी पुसत होते. ते म्हणाले, "साहेब, काल छत बघायला चढलात, तेव्हा शिडी कुठं टेकवली होतीत?"

मी तुकडे उचलून पाहिले. त्यांवर शिडीचा हिरवा रंग! शिडीवर नव्वद किलोंचा मी, आणि तिच्याखाली ती बिचारी काच. घाईघाईनं भेग मोजली. सोमवारी घेतलेल्या मापात आणि यात केसाचाही फरक नव्हता. हे आधी मोजायला काय झालं होतं मला?

"काका, सकाळीच का नाही सांगितलंत?"

"आपण विचारलंत कुठं? इंजिनिअर आपण."

मार्थाच्या घरी कबुली द्यायला एकट्यानं जायची हिंमत होईना. काका न सांगताच सोबत आले. मी चाचरत सगळं सांगितलं. आता शिव्या पडणार, म्हणून मान खाली घातली, तर मार्था म्हणाली, "म्हणजे लग्न तिथंच ना?" आणि तिच्या आईनं माझ्यापुढे चहा ठेवला. एवढा मनस्ताप देऊनही त्या माणसांनी मला लग्नाचं आमंत्रण दिलं!

रविवारी चर्च खच्चून भरलेलं. भिंतीलगतच्या बाकावर जरा जागा दिसली, म्हणून मी सरकलो. तेवढ्यात शिरसाटकाकांनी दंड धरला आणि मला थेट मधल्या बाकावर नेऊन बसवलं.

"साहेब, इथं बसा. तिकडे भिंतीला आपल्यापासून धोका आहे."