तीन माशांचा झेंडा

अमेरिकेत, हर्नडनमध्ये आमच्या शेजारी एक डॅनिश म्हातारे राहत. आम्ही आपसात त्यांना काकाच म्हणायचो. इराकचं युद्ध सुरू झालं होतं आणि दारोदारी अमेरिकेचे झेंडे लागले होते. काकांच्या दारावर मात्र अधूनमधून त्यांच्या समुद्रकाठच्या गावाचा झेंडा दिसे. निळ्या कापडावर तीन रुपेरी मासे आणि वर मुकुट. सूर्य मावळायच्या आत ते तो उतरवून बाळाच्या दुपट्यासारखी त्याची घडी करत. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबत, जणू समोरचा लिहून घेतोय.

मला झेंडे आणि मुकुट, दोन्हींची चीड. मी सोसायटीला पत्र लिहिलं की घरांवरचे सगळे झेंडे काढा. सोसायटीने ठरवलं, अमेरिकेचा राहील, बाकीचे उतरवा. बाकीचा म्हणजे एकटा काकांचा.

"वा, क्रांतिकारक," माझा नागपूरचा रूममेट म्हणाला. "युद्ध चालूच आहे, मासे तेवढे गेले. अरे यार, आपल्या घरांच्या रांगेत कुणाचा बर्थडे असला की लावतात ते. त्यांच्याकडे पद्धतच आहे. तुझ्याही बर्थडेला लावला होता."

मी काकांकडे गेलो आणि पत्र माझं होतं असं सांगितलं.

"सगळे झेंडे काढा, असं लिहिलंस?"

"हो."

"मग मला विचारायचंस. मीही सही केली असती."

माफी मागायला गेलेला मी त्यांचा पाठिंबा घेऊन परतलो. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.