आईची ओळ

"ताई, प्रोग्राम महिनोन्‌महिने उघडे ठेवले तर कॉम्प्युटर दमणारच," म्हणत दुरुस्तीवाल्याने एकेक खिडकी बंद केली. शेवटच्या खिडकीत नुसती असंबद्ध अक्षरं होती. "हा कचरा उडवू?"

"थांबा."

मला पदवीपर्यंत शिकवणारी आई स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. दिवाळीत तिने एका बोटाने ही बटणं दाबली होती.

"काय लिहिलं गं मी?"

"वाचता येत नाही, आई."

"एवढी शिकून? आता कळलं माझं कसं होतं ते!" ती खूप हसली.

संक्रांतीआधीच ती गेली. खिडकी उघडी होती तोवर ती नुकतीच खुर्चीवरून उठल्यासारखं वाटायचं.

ओळ सेव्ह करताना कॉम्प्युटरने नाव विचारलं. तिला कधीच लिहिता न आलेलं तिचं नाव मी लिहिलं आणि खिडकी बंद केली.