वरून एक चमचा

तो आंबट-गोड खोटा संत्र्याचा वास कुठं आला की अजूनही माझं डोकं फिरतं. आमच्या वऱ्हाडात खऱ्या संत्र्याला काय तोटा होता? पण आम्ही पोरी पहाटे ग्राउंडवर रांगेत उभ्या राहून तो केशरी भुगा पाण्यात ढवळून प्यायचो, कारण सरांनी सांगितलं होतं.

हे सर म्हणजे अकोल्यातल्या आमच्या पोलीस भरती अकॅडमीचे मालक आणि शिकवणारेही. सवयीनं सर म्हणते. त्या माणसाला खरं काय म्हणायला पाहिजे ते जिभेवर आहे, पण लिहिता येत नाही. भाकरी-पिठलं खाऊन निंदण होते, ग्राउंड, म्हणजे भरतीची धावायची परीक्षा, निघत नाही, असं तो आम्हाला ऐकवायचा. त्या केशरी पावडरचा डबा विकायचाही तोच. जिनं डबा घेतला ती पहिल्या रांगेत, तिच्यावर त्याचं लक्ष, तिच्यासाठी घड्याळ. बाकीच्या मागं कुठंतरी धावत बसायच्या. मग मीही घेतला. डब्यावर कोण्या पैलवानाचा फुगलेला दंड छापला होता. किती घ्यायचं, कोणी घेऊ नये, यातलं एक अक्षर नव्हतं. धावायच्या आधी एक चमचा, पाणी कमी, एवढं सर तोंडी सांगायचा.

तो चमचा पोटात गेला की हाताला मुंग्या यायच्या आणि छाती धडधडायची. मी सांगितलं तर म्हणाला, पावडर काम करून राहिली. वा रे काम! डबा नव्हता तेव्हाही मी वेळेत यायची. हीच गोष्ट मला अजून जाळते.

आमचं घर माळ्याचं. शहराच्या कडेला भाजीचा मळा, आणि बाबा भाजी घेऊन जुन्या शहरात बसायचे. बाबांचा हात आधीपासून सढळ. पालक घेतला की वरून एक जुडी द्यायचेच. फवारणीचंही तसंच. वांग्यावर टॉनिक मारायचं तर बाटलीवर लिहिलेलं माप पंपात टाकायचं आणि वरून एक झाकण. आमच्याकडं सगळेच टाकतात. कंपनीवाले भीतभीत लिहितात, असं बाबांचं ठाम मत. एकदा वांग्याची पानं करपली तेव्हा आई दिवसभर बोलली. बाबा हसले आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

माझं अमरावतीचं ग्राउंड लागलं. वयात बसणारी ती शेवटची भरती. यात निघाले तर वर्दी, नाहीतर संपलं, हे मलाही माहीत होतं आणि बाबांनाही. म्हणून ते मळा सोडून सोबत आले. मी छातीवर लावायचा नंबर घ्यायला रांगेत होते, तेवढ्यात त्यांनी माझी बाटली तयार करून ठेवली. मी नेहमीसारखी घटाघटा प्याले. जरा घट्ट लागली. पाणी कमी टाकलं असेल, असं वाटलं.

पहिल्या फेरीत मी सगळ्यांच्या पुढं होते. दुसऱ्या फेरीच्या वळणावर बोटं आखडली, छातीत नुसता धडाका सुरू झाला आणि डोळ्यांपुढं पांढरं झालं. ट्रॅकवरच केशरी उलटी झाली. एकेक पोरगी बाजूनं निघून गेली. मी उठले आणि रेषेपर्यंत गेले, पण चालत. मांडवातल्या डॉक्टरीणबाई नाडीवरचं बोट काढेनात. काय प्यालीस, काय प्यालीस, म्हणून रागावत होत्या. बाबा रिकामी बाटली धरून उभे होते.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर ते बोलले.

"पोरी, मी वरून एक चमचा टाकला होता. आपन झाडाले टाकतो ना, तसाच. आज तुया मोठा दिवस होता."

आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. मला रडू आलं, पण त्यांचा राग आला नाही. कसा येणार? त्यांना कोणी काय सांगितलं होतं? आला तो त्या डबेवाल्याचा, आणि असा आला की घरी जाऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर गेले, तर सर पोरींना माझंच उदाहरण देत होता. अंगात दमच नव्हता, म्हणे. मी सगळ्यांसमोर माझा डबा उघडला, बाटलीत दोन चमचे ढवळले आणि त्याच्यापुढं धरली.

"घ्या सर. माया बापानं मले देल्लं तेवढंच हाय. प्या."

तो हसला. मी हात मागं घेतला नाही. पोरी पाहत होत्या. मग त्यानं आवाज खाली आणला.

"मले बीपी हाय. डॉक्टरनं मना केलं."

म्हणजे ह्यानं विचारलं होतं. हाच डबा घेऊन डॉक्टरकडं गेला होता, स्वतःपुरतं विचारून आला होता, आणि आमच्या घशात ओतत होता. मी ती बाटली त्याच्या बुटांवर रिकामी केली आणि घरी आले.

अकॅडमी अजून चालू आहे. बाबा अजून जुन्या शहरात बसतात. पण आता पालक मोजून देतात. गिऱ्हाईक म्हणतं, काहून जी, वरून एक जुडी देत होते ना? बाबा मान खाली घालून म्हणतात, नाही देत आता.