राणीच्या बिबट्यांची मुंडकी

राणीच्या बिबट्याचं मुंडकं ॲम्ब्रोज थर्कलच्या कोपरानं उडालं, याला साक्षीदार एकच होता, आणि तो नेमका ते बिबटे घडवणारा लॅम्बर्ट ओकशॉट. ॲम्ब्रोज राजवाड्याच्या बांधकामावरचा कारकून. गच्चीच्या कठड्यावरचे बारा दगडी बिबटे तपासायला तो वर चढला, वही सावरताना कोपर लागलं, आणि ॲन राणीचं मानचिन्ह मानेपासून सुटून गडगडत गेलं.

त्या दिवसांत असलं काही हातून होणं म्हणजे स्वतःच्या मानेवर पाणी सोडणं. पाथरवट लॅम्बर्टनं मात्र ते मुंडकं कोबीच्या गड्ड्यासारखं उचललं, कानावरची धूळ फुंकली आणि मानेतल्या लोखंडी खुंटीवर परत बसवून टाकलं.

खुंटी दिसताच ॲम्ब्रोजची भीती गेली आणि कारकुनी जागी झाली. हुकूम होता एकसंध दगडाचा.

"मिस्त्री, ही लबाडी आहे. मी वर कळवणार."

"कळवा की. पडलं कसं, तेही कळवाल ना?"

ॲम्ब्रोजनं वही मिटली.

लॅम्बर्टचं हे असंच. चाळीस वर्षं दगड फोडलेला माणूस. दुपारची भाकरी आणि चीज तो राजाच्या दगडी सिंहाच्या पाठीवर बसून खाई. उन्हाळ्यात सिंह गार असतो म्हणे. काम बघायला आलेल्या सरदारालाही उजेड अडवू नका म्हणून बाजूला करी. बायकोची तक्रार एवढीच, की दगडांशी जेवढं बोलता तेवढं माझ्याशी बोला.

मे महिना उजाडला आणि होत्याचं नव्हतं झालं. राणीला टॉवरच्या तुरुंगात नेल्याची बातमी नदीवरच्या नावाड्यांनी आणली. महिना सरायच्या आत राणीचं शिर गेलं आणि राजा पुन्हा बोहल्यावर चढला. पाठोपाठ हुकूम आला: नव्या राणीचं चिन्ह पँथर, म्हणजे बिबट्यासारखाच पण रंगीत ठिपक्यांचा, तोंडातून आग काढणारा कल्पित पशू; राणी आठवड्यात राहायला येतेय, एकही बिबट्या नजरेस पडता कामा नये. जबाबदारी ॲम्ब्रोजची. दगड खाणीतून यायलाच महिना. त्या रात्रीपासून त्याला स्वतःची मान जरा जास्तच लांब वाटू लागली.

लॅम्बर्टनं हुकूम ऐकला आणि हातातलं काम संपवूनच मान वर केली. अंग तेच चालेल, म्हणाला, ठिपके तेवढे रंगवून घ्या. मुंडकी नवी, तोंडातून ज्वाळा निघणारी. तेवढा दगड आवारात पडलाय. दोन माणसं हाताशी घेऊन तो बसला. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं बाराही बिबट्यांची मुंडकी खुंट्यांवरून एकेक करून उपटली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कठड्यावर बारा पँथर आग ओकत उभे राहिले. वरिष्ठांनी खालून मोजले, मान डोलावली आणि निघून गेले.

ॲम्ब्रोज स्वतः बिअरचे दोन मग घेऊन शिडी चढला, यावेळी कोपरं अंगाशी धरून. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यानं हळूच विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. ती राणी टिकणार नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं, म्हणून खुंट्या ठेवल्यात?"

"राणीचं मला काय ठाऊक, साहेब, तिच्या आधीच्या राणीचं चिन्ह डाळिंब, ती दीडशे डाळिंबं भिंतीवरून तासून काढताना माझी कंबर गेली."