मावशीचं गाणं, माझा सत्कार

सत्कार म्हटलं की माझं डोकंच फिरतं. का, ते ऐका.

मी चेलो वाजवते. व्हायोलिनच्या जातीचं वाद्य, पण थोराड. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचं. नागपूरला सरांकडे शिकले. सर दर वेळी ओरडायचे, "गज घाईनं ओढू नकोस, स्वराला दम घेऊ दे." दोन वर्षं ते काही जमलं नाही. जमलं ते चामोर्शीकडच्या आमच्या गावात, रोवणीत. धान रोवताना माझी मावशी गाणं उचलते, बाकीच्या बाया झेलतात, आणि कंबरेत वाकलेल्या असूनही एकीचा श्वास तुटत नाही. बांधावर उभी राहून ते ऐकलं, तेव्हा कुठं गज ओढणं कळलं. माझी खरी गुरू मावशी, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते.

मग दर रविवारी आमच्या विहारात मी आणि मावशीच्या आठ जणी बसायला लागलो. त्या गायच्या, मी खालून सूर धरायची. जिल्ह्याच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा मावशीनं विचारलं, "आमाले बी स्टेजवर बसवतीन काय वं?"

"बसवतीन म्हणजे? गाणं तुमचंच आहे!"

साऱ्या जणी पांढरी लुगडी इस्त्री करून आल्या.

आणि तिथं काय? सत्कार! पाहुण्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, मंडपवाल्याचा, माईकवाल्याचा सत्कार. फोटो नीट आला नाही तर शाल काढून परत घाला! दोन तास हेच. शेवटी निवेदक माझ्या कानाशी आला. "मॅडम, वेळ उरला नाही. तुम्ही एकट्याच वाजवा. बायांना खालीच बसू द्या." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

गेली खरी, पण तोंडातून काय निघालं? "बरं." अंगावर शाल, समोर साहेब, आणि मी शेपूट घातलं. मावशीचं गाणं एकटीनं वाजवलं. वर निवेदक म्हणाला, "मॅडमनी स्वतः रचलेली धून!" तेव्हाही मी माईक ओढून घेतला नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी मी! त्या निवेदकाला शिव्या द्यायच्या आणि मला काय ओवाळायचं?

परतताना गाडीत मावशीनं उलट मलाच डब्यातला चिवडा दिला. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सगळ्या वेळेवर आल्या, सतरंजीवर बसल्या. मी सूर धरला. कोणी गाईना. पुन्हा धरला.

"मावशी, काऊन गात नाई?"

"तू वाजव ना बाई, आमी ऐकून राह्यलो," मावशी शांतपणे म्हणाली. "गाणं तं तुयं आहे आता. माईकवर सांगितलं त्यानं."