नजीर मणियाराचा एकच सवाल

नजीर मणियार बायकांच्या हातात बांगड्या भरायचा आणि भरता भरता सवाल विचारायचा. ही त्याची खोड नव्हती, धंदा होता. नवी बांगडी पंजावरून चढताना बाईने हात आखडला की काच गेलीच म्हणून समजा. पण तिला बोलण्यात गुंतवलं, सूनबाई माहेराहून आली का, सिन्नरच्या विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत, असं काहीबाही विचारलं, की हात आपसूक सैल पडतो आणि बांगडी मनगटावर जाऊन बसते. जन्मभर हेच करणाऱ्या माणसाची जीभ त्याच्या ताब्यात कशी राहणार? नजीरची राहिली नव्हती.

बांगड्या विकताना हे ठीक. घर विकत घेताना अशी जीभ म्हणजे सत्यानाश.

घर त्याला हवं होतं ते रोशनबीसाठी. लग्न झाल्यापासून नवराबायको भाड्याच्या खोल्यांत राहत आली होती, आणि नाशकातले घरमालक एका बाबतीत एकजात सारखे होते: भिंतीला खिळा मारू द्यायचे नाहीत. आता मणियाराने बांगड्यांच्या माळा टांगायच्या कुठे? कपाळावर? मग त्या खाटेखाली, पेट्यांवर, पिठाच्या डब्यामागे अशा पसरलेल्या असत आणि रोशनबी आपल्याच घरात बगळ्यासारखी पाय उचलून चाले. खोली बदलली की टोपलीभर काच फुटे. ती काच झाडताना ती नवऱ्याकडे बघायची, बोलायची काही नाही. नजीरला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

घेऊ म्हटलेली घरं त्याने सवाल विचारून विचारून घालवली होती. एका विकणाऱ्याला म्हणाला, "तुमचे मुंबईचे भाऊ उद्या हिस्सा मागायला आले तर?" भावाच्या ते मनातही नव्हतं. पण सवाल फिरत फिरत त्याच्या कानावर गेला आणि तो पहिल्या गाडीने हिस्सा मागायला हजर झाला. दुसऱ्याला त्याने विचारलं छप्पर गळतं का, आणि गळत नसेल तर का गळत नाही. त्या माणसाने हात जोडले आणि घर सोनाराला देऊन टाकलं.

आणि मग १९३१ साली दूधबाजारामागचं घर निघालं. घर ढुंढिराज कारकुनाचं. त्याला मनमाडला रेल्वेची जागा मिळाली होती आणि तो विकायला उतावीळ होता. अडचण एवढीच की खालची जमीन त्याची नव्हती. ती वेणीमाधव गुरुजींच्या घराण्याची, आणि ढुंढिराजाच्या आजोबांनी ती नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेऊन वर घर बांधलेलं. घर विकायचं तर गुरुजींची संमती हवी, असं पट्ट्यात लिहिलं होतं.

वकिलाने पट्टा वाचून दाखवला आणि नजीर सुरू झाला.

"शंभराव्या वर्षी काय?"

"पट्टा संपतो. नवा करून घ्यायचा, नाहीतर जमीन मालकाकडे परत."

"आणि वरचं घर?"

"नजीरमियाँ, त्याला अजून साठेक वर्षं आहेत. तुमचं वय काय?"

"पन्नास."

"मग तुम्हाला कसली काळजी?"

"मला माझी नाही, वकीलसाहेब. घराची आहे."

वकिलाने चष्मा काढून ठेवला. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत रोशनबीला कळली, आणि गुरुजींकडे जायच्या दिवशी तिने नवऱ्याला समोर बसवून स्वतःच्या हाताने विडा लावला. एवढा मोठा विडा तिने लग्नातही लावला नव्हता. तो त्याच्या तोंडात कोंबून ती म्हणाली, "गुरुजींच्या अंगणात पिंक टाकायची नाही. आणि पिंक टाकल्याशिवाय बोलता यायचं नाही. ते हो म्हणेपर्यंत हा तोंडात ठेवायचा. मग एकच सवाल विचारायचा. एकच. कुठला, तो तुम्ही ठरवा."

वेणीमाधव गुरुजी क्षेत्रोपाध्ये. गोदेवर येणाऱ्या यात्रेकरू यजमानाला गाव कुठलं, आजा कोण, पणजा कोण, असं सात पिढ्यांपर्यंत विचारत जाणं हा त्यांचा व्यवसाय. म्हणजे सवालांच्या बाबतीत नजीरचे थोरले बंधूच म्हणायचे. ते ओटीवर पाय पसरून बसले होते. नजीरने सलाम केला, विक्रीचा कागद पुढे ठेवला आणि गालफुगी आल्यासारखा गप्प उभा राहिला.

तेवढ्यात आतून गुरुजींच्या पत्नी सावित्रीबाई आल्या. "बरा आलास रे नजीर. माझी एक बांगडी वाढलीय कालपासून. भर आधी." फुटली असं त्या कधी म्हणत नसत.

नजीर पायरीवर बसला. हिरवी बांगडी काढली, सावित्रीबाईंचा हात हातात घेतला आणि दाबू लागला. बांगडी अंगठ्यापाशी अडली. सवाल नाही, तर हात सैल कसा पडणार? त्याने डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने काय काय विचारून पाहिलं. सावित्रीबाईंचा हात आणखीच आखडला.

"तुला बरं नाही का?" त्या म्हणाल्या. "एरवी माझ्या बहिणीच्या म्हशीचीसुद्धा चौकशी करतोस."

गुरुजींनाही ती शांतता सोसेना. समोरचा काहीच विचारत नाही म्हटल्यावर ते आपणहूनच बोलू लागले. "हे बघ नजीर, माणूस तू चांगला आहेस. पण पट्ट्यातली अट ठाऊक आहे ना? सिंहस्थाच्या वर्षी त्या घराची ओसरी माझ्या यजमानांच्या उतरण्यासाठी द्यायची. पुढच्याच वर्षी सिंहस्थ. आता तुझ्या ओसरीवर माझे यजमान उतरायचे कसे? लोक काय म्हणतील?"

नजीर समजला, घर गेलं. या खेपेला तर एकही सवाल न विचारता गेलं. त्याला सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर झाडू घेऊन काच गोळा करणारी रोशनबी.

सावित्रीबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, माझं सौभाग्य याच्या हातून माझ्या हातात जातं. तुमच्या आईच्या हातात याच्या बापाने भरल्या होत्या. तुमच्या यजमानांच्या बायका स्नान झालं की पहिल्या कुणाला शोधतात? यालाच ना? हात दिलेला चालतो, आणि ओसरीवर पाठ टेकलेली चालत नाही होय?"

रागाच्या भरात त्यांना हाताचं भान राहिलं नाही. हात सैल पडला आणि बांगडी अलगद वर जाऊन बसली.

गुरुजींनी कागद हातात घेतला. घरातल्या माणसाशी वाद घालून जेवण मिळत नाही, हे त्यांना शास्त्राइतकंच पक्कं माहीत होतं. त्यांनी दौत ओढली आणि सही केली. मग ओल्या शाईवर वाळू टाकत म्हणाले, "झालं. विचार आता. शंभराव्या वर्षाचं विचारणार आहेस, मला वकिलाने सांगितलंय."

नजीर अंगणाबाहेर धावला, गटारावर तोंड मोकळं करून आला. सवालांची नुसती झुंबड उडाली होती: शंभरावं वर्ष, विहीर, पन्हळ, शेजाऱ्याचं शेवग्याचं झाड. एकच विचारायचा होता. बाकीचे त्याने गिळून टाकले.

"गुरुजी," तो म्हणाला, "भिंतीला खिळा मारला तर चालेल?"

"अरे, मला काय विचारतोस? जमीन तेवढी माझी. भिंत तुझी आहे."

नजीरने मान हलवली. त्याला आणखी पुष्कळ विचारायचं होतं, पण त्याने कागद उचलला आणि घरची वाट धरली.

रजिस्ट्रारच्या कचेरीतलं काम उरकलं, घर ताब्यात आलं, त्या दिवशी रोशनबीने चुलीआधी हातोडी काढली. खिळे तिने कधीचे आणून ठेवले होते, लांबलचक, पुडकंभर. ते तोंडात धरून ती स्टुलावर चढली आणि एकेक ठोकू लागली. नजीर खाली माळा हातात घेऊन उभा होता. हिरव्या, लाल, आरसे जडवलेल्या. तो पहिली माळ वर देत म्हणाला, "पट्टा संपेल तेव्हा हे खिळे काढून घ्यायचे, की भिंतीसकट गुरुजींच्या पणतवंडाला द्यायचे?"

रोशनबीच्या तोंडात खिळे होते. तिने फक्त हात खाली केला आणि दुसरी माळ मागितली.